चोखणीमुळे दूध तुटतं का? एका संशोधन-प्रश्नाचा प्रवास

पीएचडीच्या प्रवेश मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न आहे. "तुमच्या दोन चलांमध्ये संबंध दिसतोय, ठीक. पण एकामुळे दुसरं घडतंय हे कशावरून?" आपण 'कोरिलेशन म्हणजे कॉझेशन नव्हे' हे पाठ केलेलं वाक्य म्हणतो आणि मोकळे होतो. समितीवरचं कुणी पुढे विचारलं की, "मग तुमच्या अभ्यासात हा फरक कसा करणार?" तर बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ' ही म्हण आपल्याला माहीत असते. पण कावळा बसला म्हणूनच फांदी मोडली नाही हे सिद्ध कसं करायचं, हे म्हण सांगत नाही. ते एका खऱ्या संशोधनात कसं केलं गेलं, त्याला किती वर्षं लागली आणि त्यातून काय हाती लागलं, हे या लेखात बघूया. प्रश्न साधा आहे. आई बाळाला किती महिने अंगावर पाजते, हे कशावर ठरतं? आणि त्यातला एक छोटा उपप्रश्न: बाळाला शांत करण्यासाठी तोंडात देतात ती रबराची चोखणी, म्हणजे पॅसिफायर, दिल्यामुळे अंगावरचं दूध लवकर सुटतं का?

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का झाला?

विसाव्या शतकाच्या मध्यापासून अनेक देशांत स्तनपान झपाट्याने कमी होत गेलं. पावडरच्या दुधाची जाहिरात जोरात होती. जिथे स्वच्छ पाणी नाही, इंधन महाग आहे, तिथेही डबे पोहोचले. 1974 मध्ये ब्रिटनमधल्या 'वॉर ऑन वॉन्ट' या संस्थेने 'द बेबी किलर' नावाची पुस्तिका काढली आणि हा विषय जगभर पेटला. 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेने स्तन्यपर्यायांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. बाजूने 118 मतं आणि विरोधात एकच, अमेरिकेचं.

नुकसान नेमकं किती, हे मोजणाऱ्यांमध्ये ब्राझीलच्या सेझर व्हिक्टोरा यांचं नाव आघाडीवर आहे. दक्षिण ब्राझीलमधल्या पेलोटास शहरात त्यांनी आणि फर्नांडो बॅरोस यांनी 1982 साली रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांची नोंद घेतली आणि त्यांचा माग ठेवला. आज तो जगातल्या नावाजलेल्या जन्म-कोहॉर्टपैकी एक आहे. 1987 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की, अंगावर अजिबात न पिणाऱ्या बाळांना जुलाबाने मृत्यू येण्याचा धोका, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांच्या तुलनेत 14.2 पट होता.

हा आकडा लक्षात ठेवा. एवढा फरक पडत असेल, तर अंगावरचं दूध लवकर कशामुळे सुटतं हा बाळांच्या जिवाचा प्रश्न होतो.

उपायही घाईने शोधले गेले. 1989 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी प्रसूतिगृहांसाठी 'दहा पायऱ्या' जाहीर केल्या आणि 1991 पासून त्यांच्यावर आधारित 'बाळस्नेही रुग्णालय' उपक्रम सुरू झाला. त्यातली नववी पायरी अशी होती: अंगावर पिणाऱ्या बाळांना कृत्रिम बोंडं किंवा चोखण्या देऊ नका. यामागचा तर्क पटण्यासारखा होता. रबर चोखण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे बाळ गोंधळतं. शिवाय चोखणी तोंडात असेल तेवढा वेळ बाळ अंगाला लागत नाही. बाळ जितकं कमी ओढतं तितकं दूध कमी बनतं. शरीरशास्त्राच्या दृष्टीने यात काही चूक नाही.

पण तर्क बरोबर असणं आणि प्रत्यक्षात परिणाम दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पेलोटास: चौपट

1993 मध्ये व्हिक्टोरा आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दक्षिण ब्राझीलमधला एक छोटा अभ्यास मांडला. चोखणी वापरणारी बाळं अंगावर पिणं लवकर सोडतात, असं त्यात दिसलं. पण तो अभ्यास पुरेसा नाही हे त्यांनाही जाणवत होतं. म्हणून पेलोटासमध्ये त्यांनी मोठा अभ्यास आखला आणि तो 1997 मध्ये 'पीडियाट्रिक्स' मासिकात आला. त्याचं शीर्षकच तुमच्या वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे. चोखणी आणि अल्पकाळ स्तनपान यांचा संबंध कारण, परिणाम की योगायोग, असं शीर्षकातच विचारलं होतं.

650 माता आणि त्यांची बाळं. प्रसूतीनंतर लगेच, मग पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात घरी भेट. गळती फक्त 3.5 टक्के. (तुमच्यापैकी ज्यांनी फील्डवर्क केलंय त्यांना हा आकडा वाचून हेवा वाटेल.) जवळजवळ निम्म्या आया चोखणी सोबत घेऊनच रुग्णालयात आल्या होत्या. एक महिन्याच्या बाळांपैकी 85 टक्के बाळं चोखणी वापरत होती. आणि जी बाळं दिवसभर आणि झोप लागेपर्यंत चोखणी चोखत होती, त्यांचं अंगावरचं दूध सहाव्या महिन्यापर्यंत सुटण्याची शक्यता, चोखणी न वापरणाऱ्यांपेक्षा चौपट होती. इतर घटकांचा हिशेब केल्यावर हा संबंध कमी झाला, पण पुसला गेला नाही.

आता तुम्ही या जागी असता तर काय केलं असतं? चौपट जोखीम, मोठा नमुना, कमी गळती, घटनांचा क्रमही बरोबर (चोखणी पहिल्या महिन्यात, दूध सुटणं नंतर), आणि वर शरीरशास्त्राचा आधार. बहुतेकांनी 'चोखणी टाळा' असा निष्कर्ष लिहून पेपर पाठवला असता.

ऐंशी घरांत बसून

या गटाने आणखी एक गोष्ट केली. नमुन्यातल्या 80 माता-बाळांसोबत मानववंशशास्त्रीय पद्धतीने काम केलं. म्हणजे सविस्तर गप्पा आणि घरात बसून निरीक्षण. प्रश्नावलीत न मावणारं बरंच काही तिथे दिसलं.

पहिली गोष्ट म्हणजे, बाळ आपणहून चोखणीला लागत नव्हतं. अनेक आया ती घ्यायला लावण्यासाठी बऱ्याच खटपटी करत होत्या. चोखणी ही त्यांच्या मते चांगली, बाळाच्या सोयीची वस्तू होती. चोखणीमुळे दूध तुटेल असं मान्य करणाऱ्या आया थोड्याच. पण प्रत्यक्षात बऱ्याच जणी बाळाला अंगापासून दूर करण्यासाठी किंवा दोन पाजण्यांमधलं अंतर वाढवण्यासाठी ती वापरत होत्या. यातल्या अनेकींना सतत शंका होती. दूध पुरतंय का? बाळाचं वजन शेजारणीच्या बाळाएवढं का नाही? माझंच काही चुकतंय का? ज्या आयांना पाजण्याबद्दल आत्मविश्वास होता, त्यांच्या बाबतीत चोखणीचा परिणाम होण्याची शक्यता बरीच कमी होती.

आपल्याकडे हीच भावना 'दूध पुरत नाही' या तीन शब्दांत येते आणि त्यामागोमाग वरचं दूध येतं.

आता बाण उलटा करून बघा. चोखणीमुळे पाजण्यात अडचण आली, की पाजण्यात आधीच अडचण होती म्हणून चोखणी आली? दुसरं खरं असेल तर चोखणी ही त्या अडचणीची खूण ठरते. ताप आलाय म्हणून थर्मामीटर वर चढतो. थर्मामीटर बर्फात बुडवला तर पारा उतरेल, ताप नाही.

प्रश्न हा की, 'आईचा आत्मविश्वास' हे चल तुमच्या रिग्रेशनमध्ये कसं घालणार? वय, शिक्षण, उत्पन्न, नोकरी यांचे रकाने असतात. रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळाकडे बघून आईच्या मनात काय येतं, याचा रकाना सहसा नसतो. जे मोजलंच नाही त्याचा हिशेब कितीही चांगल्या सॉफ्टवेअरला करता येत नाही. म्हणून 'आम्ही सगळ्या कन्फाउंडर्ससाठी अ‍ॅडजस्ट केलं' असं कुणी म्हटलं, की आपण मनात 'मोजलेल्या' हा शब्द घालून वाचायचा.

माँट्रियल: एकच डेटा, दोन उत्तरं

न मोजलेल्या गोष्टींवर एक उपाय आहे. वाटणी नशिबावर सोडायची, म्हणजेच रँडमायझेशन. मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी जानेवारी 1998 ते ऑगस्ट 1999 या काळात कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हे केलं. 281 निरोगी, अंगावर पाजणाऱ्या माता घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला सांगितलं की बाळ रडलं, कुरकुरलं तर चोखणी टाळा, आणि शांत करण्याचे दुसरे मार्ग सुचवले. दुसऱ्या गटाला चोखणीसकट सगळे मार्ग सांगितले. अभ्यास पूर्ण करणाऱ्या माता होत्या 258.

सल्ल्याचा परिणाम झाला. पहिल्या गटात 38.6 टक्के मातांनी चोखणी पूर्ण टाळली, दुसऱ्या गटात 16 टक्के. चोखणी दूध तोडत असेल, तर पहिल्या गटात दूध कमी सुटायला हवं होतं.

तीन महिन्यांच्या आत अंगावरचं दूध सुटलेली बाळं: पहिल्या गटात 18.9 टक्के, दुसऱ्यात 18.3 टक्के. फरक नाही.

खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. त्याच डेटावर त्यांनी दुसरं विश्लेषण केलं. कोणाला कोणत्या गटात टाकलं होतं हे विसरायचं आणि प्रत्यक्षात रोज चोखणी कोण वापरतं एवढंच बघायचं, म्हणजे नेहमीच्या निरीक्षणात्मक अभ्यासासारखं. आता उत्तर आलं: रोज चोखणी वापरणाऱ्यांत 25 टक्के बाळांचं दूध सुटलं होतं, न वापरणाऱ्यांत 12.9 टक्के. जवळजवळ दुप्पट!

त्याच माता, तीच बाळं, तेच आकडे. एका पद्धतीने बघितलं तर चोखणी गुन्हेगार, दुसऱ्या पद्धतीने बघितलं तर तिचा संबंध नाही. पहिल्या विश्लेषणात दोन्ही गटांत आत्मविश्वास असलेल्या आणि नसलेल्या आया नशिबाने सारख्या वाटल्या गेल्या होत्या. दुसऱ्यात आयांनी स्वतःच स्वतःची वाटणी केली होती, आणि ज्यांना अडचण होती त्या चोखणीच्या बाजूला जास्त गोळा झाल्या. जुलै 2001 मध्ये 'जामा'मध्ये निष्कर्ष छापून आला: चोखणी ही पाजण्यातल्या अडचणीची किंवा कमी झालेल्या इच्छेची खूण असावी, दूध लवकर सुटण्याचं कारण नव्हे. म्हणजे पेलोटासच्या 80 घरांत जे कानावर आलं होतं, तेच इथे आकड्यांनी सांगितलं.

'इंटेन्शन टू ट्रीट', म्हणजे ज्याला ज्या गटात टाकलं त्याला त्याच गटात मोजायचं, मग त्याने सल्ला पाळो न पाळो, हा नियम पुस्तकात वाचताना विचित्र वाटतो. चोखणी वापरणारी आई 'न वापरणाऱ्या' गटात कशी मोजायची? या उदाहरणानंतर तो विचित्र वाटू नये. वाटणी बदलली की आपण पुन्हा कावळा आणि फांदीपाशी येतो.

मग चोखणी निर्दोष का?

इथे घाई करू नका. माँट्रियलच्या अभ्यासातही पहिल्या गटातल्या निम्म्याहून जास्त आयांनी चोखणी थोडीफार वापरलीच. दोन गटांतला फरक अर्धवट असेल तर छोटा परिणाम निसटू शकतो. 281 हा आकडाही फार मोठा नाही. 'परिणाम दिसला नाही' आणि 'परिणाम नाही' यांत अंतर असतं.

2003 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये सिंथिया हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी 700 बाळांवर अभ्यास केला. तिथे पहिल्या काही दिवसांतच चोखणी दिलेल्या बाळांमध्ये, चार आठवड्यांनंतर दिलेल्यांच्या तुलनेत, चार आठवड्यांपर्यंत निव्वळ अंगावर पिण्याचं प्रमाण कमी आढळलं. उलट 2009 मध्ये आलेल्या अर्जेंटिनातल्या चाचणीत पाजणं नीट बसलेल्या 1021 माता घेतल्या होत्या आणि चोखणी देऊ केली ती बाळ पंधरा दिवसांचं झाल्यावर. तिसऱ्या महिन्यात निव्वळ अंगावर पिणारी बाळं एका गटात 85.8 टक्के, दुसऱ्यात 86.2 टक्के. सारखीच.

हे निकाल एकमेकांशी भांडतायत असं वरवर वाटतं. पण कोणत्या आया आणि कोणत्या दिवशी, हे बघितलं की चित्र जुळतं. घडी बसायच्या आधीचे दिवस नाजूक असतात. एकदा घडी बसली की चोखणीने फारसं बिघडत नाही.

बेलारूस: मग कशाने फरक पडतो?

याच क्रेमर यांचा दुसरा अभ्यास त्याच वर्षी, त्याच मासिकात, जानेवारीत आला होता. नाव 'प्रॉबिट'. सोव्हिएत संघातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बेलारूसमधली 31 प्रसूतिगृहं आणि त्यांना जोडलेली बालदवाखानं, 17,046 माता-बाळं. अंगावर पाजणं किंवा न पाजणं याची चिठ्ठी टाकता येत नाही, ते नीतीला धरून नाही. म्हणून त्यांनी रुग्णालयांची वाटणी केली. काही ठिकाणी 'दहा पायऱ्यां'वर आधारित प्रशिक्षण आणि मदत, बाकी ठिकाणी नेहमीची पद्धत. आईऐवजी अख्खं रुग्णालय निवडायचं आणखी एक कारण आहे. एकाच वॉर्डातल्या आया एकमेकींशी बोलतात, आणि एक नर्स शेजारच्या दोन खाटांवर दोन वेगळे सल्ले देऊ शकत नाही.

तिसऱ्या महिन्यात निव्वळ अंगावर पिणारी बाळं: मदत मिळालेल्या ठिकाणी 43.3 टक्के, नेहमीच्या ठिकाणी 6.4 टक्के. वर्षाच्या बाळांपैकी थोडंफार तरी अंगावर पिणारी: 19.7 टक्के आणि 11.4 टक्के. पहिल्या वर्षात पोटाचा संसर्ग झालेली: 9.1 टक्के आणि 13.2 टक्के.

दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून बघा. एका गटाला 'ही वस्तू टाळा' असं सांगितलं, फरक पडला नाही. दुसऱ्या ठिकाणी आईच्या आजूबाजूची माणसं आणि पद्धत बदलली, मोठा फरक पडला. बेलारूसमध्ये बाळंतपणानंतर लांब, तीन वर्षांपर्यंतची रजा मिळते, त्यामुळे तिथे नोकरीची अडचण मधे फारशी आली नाही. दुसऱ्या देशात हेच आकडे येतील असं धरून चालणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. 2016 मध्ये 'लॅन्सेट'ने स्तनपानावर लेखमाला काढली तेव्हा तिच्यातही हेच सूत्र होतं: स्तनपान यशस्वी होणं न होणं ही एकट्या बाईची जबाबदारी धरू नये. घर, दवाखाना, कामाची जागा, कायदा, बाजार, सगळे त्यात आहेत.

2018 मध्ये 'दहा पायऱ्या' नव्याने लिहिल्या गेल्या. नववी पायरी आता 'देऊ नका' असं म्हणत नाही. बाटली, बोंडं आणि चोखणी यांचा वापर आणि धोके याबद्दल मातांना समुपदेशन करा, असं म्हणते. एका पायरीतलं क्रियापद बदलायला जवळजवळ तीस वर्षं लागली.

आपल्याकडे आणि तुमच्या प्रस्तावात

'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' ही संस्था डिसेंबर 1991 मध्ये आपल्या वर्ध्यात स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, 1992 मध्ये, बाळांच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात रोखणारा कायदा भारतात झाला. त्यामुळे या विषयावर मराठीतून प्रस्ताव लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी असतात, आणि असायलाही हवेत. त्यांच्यासाठी, आणि दुसऱ्या कुठल्याही विषयावर काम करणाऱ्यांसाठी, तीन गोष्टी.

एक, कालावधी नेमका कसा मोजला ते आधी वाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत निव्वळ स्तनपानाचं प्रमाण 63.7 टक्के आहे. याचा अर्थ 63.7 टक्के बाळं सहा महिने फक्त अंगावर पितात, असा अनेक जण लिहितात. तो चूक आहे. सहा महिन्यांखालच्या बाळांना आदल्या दिवशी आणि रात्री काय दिलं, एवढंच तिथे विचारलेलं असतं. त्यात पाच दिवसांचं बाळही आहे आणि पाच महिन्यांचंही.

दोन, तुमच्या अभ्यासातला 'घटक' ज्यांच्याकडे आहे, तो त्यांच्याकडे का आहे, हे विचारा. बाटली कोणती आई देते? कधीपासून? कोणाच्या सांगण्यावरून? तिला आधी काही त्रास होता का? हे न विचारता काढलेली सापेक्ष जोखीम म्हणजे थर्मामीटरवर ठेवलेला आरोप.

तीन, थोड्या लोकांशी भरपूर बोला. संख्यात्मक अभ्यास करणारे आपण मुलाखतींना 'पायलट'च्या पुढे किंमत देत नाही. पण पेलोटासमध्ये खरं उत्तर आधी 80 घरांत सापडलं, आणि 281 जणींची चाचणी त्यानंतर चार वर्षांनी छापून आली.

यात केवळ पद्धतीचा प्रश्न नाही. 'चोखणीमुळे दूध तुटतं' असं विज्ञानाच्या नावाने सांगितलं, की आधीच घाबरलेल्या आईच्या डोक्यावर आणखी एक दोष येतो, आणि तिला हवी असलेली मदत मात्र मिळत नाही. आपण शोधलेलं चुकीचं कारण कुणाच्या तरी गळ्यात पडत असतं. मुलाखतीत तो प्रश्न परत आला, तर समितीला हेही सांगा.